उदबत्तीच्या आधी

पंचवटीत राहून व्हिस्कीबद्दल लिहायचं, हे आमच्या आळीतल्या जुन्या माणसांना रुचणार नाही. पण ज्या दोन माणसांचं ऋण मला लिहून ठेवायचं आहे, ती मला या वाटेवरच भेटली. आमचे शेजारी नाना आणि त्यांच्या पत्नी माई. नात्याचे नाहीत, गावचे नाहीत. ते खानदेशातून आलेले, आम्ही पिढ्यानपिढ्या काळारामाच्या आसपास राहणारे. तरी माझी पोटापाण्याची विद्या मला त्यांच्या घरात मिळाली आणि त्या बदल्यात त्यांनी कधी काही मागितलं नाही.

आमच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. धाकटे काका हातभट्टीच्या पायी गेले. मी तेव्हा शाळेत होते. मोठी माणसं रामकुंडावर त्यांचे दिवस करून परत आली आणि त्या दिवसापासून आजीने त्यांचा विषय बंद केला. काकांच्या खोलीत येणारा तो आंबूस, डोळ्यांत झोंबणारा वास मात्र मला पुढे कित्येक वर्षं आठवत राहिला. अशा घरातली मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि दिंडोरीच्या बाजूला एका डिस्टिलरीत गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत जागा आहे असं तिने घरी सांगितलं, तेव्हा काय झालं असेल हे वाचकांना सांगायला नको. बाबांनी अर्ज फाडला नाही, पण जेवताना ते माझ्याकडे बघेनात.

नाना अशाच एका प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. ते संध्याकाळी आमच्याकडे आले, ओट्यावर बाबांशेजारी बसले. बराच वेळ मार्केट यार्डातल्या भावांवर बोलले. मग म्हणाले, "दादा, तुमच्या भावाला जे घेऊन गेलं त्यात काय होतं, हे ओळखणारं एक माणूस घरात असलेलं बरं." बाबांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "नाना म्हणतात तर जा." माझ्यावरचं नानांचं पहिलं ऋण हे.

नोकरी लागली, पण तिथलं काम यंत्रावरचं. गॅस क्रोमॅटोग्राफवर नमुना लावायचा, आलेख काढायचा, कोणत्या घटकाचं प्रमाण किती ते लिहायचं. नाना म्हणाले, "यंत्र काय आहे ते सांगेल. कसं आहे ते नाकाने सांगायचं, आणि ते नाक घडवावं लागतं. शिकायचंय का?" मी हो म्हटलं. त्यांनी पहिली अट घातली ती कायद्याची. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्यासाठी परवाना लागतो. दारूबंदीचा 1949 चा कायदा अजून लागू आहे, लोक त्याला कागदी समजतात, नाना समजत नसत. माझं वय पंचविशीच्या आत होतं. "परवाना हातात येईपर्यंत फक्त वास. जिभेला एक थेंब लावायचा नाही," असं त्यांनी बजावलं, आणि मी ते पाळलं.

म्हणून माझं शिक्षण दारूने सुरू झालंच नाही. काळारामाच्या पूर्व दरवाज्याकडच्या पूजासाहित्याच्या दुकानांतून आणि पंचवटी कारंज्यावरच्या किराणा दुकानांतून नाना पुड्या आणत. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या एकसारख्या पुड्या. लवंग, वेलदोडा, जायफळ, सुंठ, खारीक, बेदाणा, अक्रोड, वाळलेली संत्र्याची साल, गूळ, जव. मी डोळे मिटून बसायचं, त्यांनी पुडी नाकाखाली धरायची. पहिले काही दिवस लवंग आणि जायफळ सोडून मला नीट काहीच सांगता येईना. बेदाणा आणि खारीक यांत घोळ व्हायचा. नाना रागावत नसत, ती पुडी बाजूला ठेवत आणि थोड्या वेळाने न सांगता पुन्हा आणत. पुड्या ओळखता येऊ लागल्यावर त्यांनी छोट्या बाटल्या काढल्या. आयसोअमाईल ॲसिटेट म्हणजे पिकलेल्या केळ्याचा वास, इथाईल हेक्झानोएट म्हणजे हिरव्या सफरचंदाचा, इथाईल ॲसिटेट म्हणजे नखं रंगवायच्या रंगाचा, व्हॅनिलिन म्हणजे ओकच्या लाकडातून उतरणारा गोड वास. ही नावं मी पुस्तकात पाठ केली होती. त्यांना वास असतो आणि तो आठवणीत साठवता येतो, हे मला त्या खोलीत कळलं.

ती खोली दिंडोरी नाक्याजवळच्या त्यांच्या घरातली पुढची खोली. वेळ सकाळची, कारण पोट रिकामं आणि नाक ताजं असतं ते तेव्हाच. चहा नाही, कपाळाला अष्टगंध नाही, केसांना तेल नाही, अंगाला बिनवासाचा साबण. आणि इथे माई येतात. माई अत्यंत देवभोळ्या. त्यांच्या देवघरात रामपंचायतन होतं आणि सकाळी आंघोळ झाली की देवापुढे उदबत्ती लावल्याशिवाय त्यांनी कधी पाणीही घेतलं नाही. पण उदबत्तीचा वास घरभर पसरला की नाकाचं काम संपलं. नानांनी त्यांना कधी काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. माई ते आपणहून समजल्या. आमची बैठक असेल त्या सकाळी त्या आंघोळ करून, सोवळं नेसून देवघराशी पोथी वाचत बसत, आणि आमच्या वह्या मिटल्याचा आवाज आला की मग काडी ओढत. तोपर्यंत त्या उपाशी असत. हे मला फार उशिरा लक्षात आलं, कारण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. नानांचं ऋण मी निदान काम शिकून थोडं तरी मिरवते, माईंचं कशाने मिरवू?

मॉल्ट म्हणजे काय तेही मला माईंनीच समजावलं. स्वयंपाकघरातून आमचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे नाचणीचं सत्त्वच की." धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं. नाना खूश झाले. सातूला म्हणजे जवाला मोड आले की त्यातल्या पिष्टाची साखर करणारे विकर तयार होतात. वाळवण घातलं की मोड तिथेच थांबतो आणि ते विकर दाण्यात शिल्लक राहतात. पुढे गरम पाण्यात ते आपलं काम करतात, साखर आंबते आणि आंबवण तांब्याच्या भट्टीवर चढतं. उकळत्या भट्टीतून येणारी सुरुवातीची धार, जिच्यासाठी आपल्याकडे लोक वेडे होतात, ती जाणती माणसं बाजूला काढतात, कारण नाकात झोंबणारे हलके अंश तिच्यातच असतात. शेवटची जड, कोंदट वासाची धारही बाजूला जाते. मधलं तेवढं पिंपात. काकांच्या खोलीतला तो वास काय होता, हे मला त्या दिवशी समजलं. घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल आणखी काही विचारलं.

आयर्लंडशी आमचा संबंध नानांच्या भाच्यामुळे. तो डब्लिनला संगणकाच्या नोकरीत. 2017 साली मालवण तालुक्यातल्या वराडचं आडनाव लावणारे लिओ वराडकर तिथले पंतप्रधान झाले, तेव्हा माईंनी त्याला फोन करून विचारलं होतं की आता तुम्हाला तिकडे बरं वागवतात ना. भाचा येताना विमानतळावर चालतात तेवढ्या दोन लिटरच्या हिशेबात बाटल्या आणायचा, दर खेपेला वेगळ्या. नाना त्या फोडत नसत. चार प्रकार जमेपर्यंत त्यांनी थांबायचं ठरवलं होतं. तोवर माझा परवाना आला होता.

आपल्याकडच्या माणसाला दारू म्हणजे मळीची. निफाडच्या कारखान्याच्या वाऱ्यावर जो वाढला त्याला मळीचा वास सांगावा लागत नाही, आणि आपल्याकडे व्हिस्की म्हणून जे खपतं त्यातलं पुष्कळसं मळीच्या मद्यार्कावर उभं आहे. आयरिश व्हिस्की कायद्यानेच धान्याची. निदान तीन वर्षं आयर्लंडच्या बेटावर लाकडी पिंपात, आणि मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या खाली नाही. 2007 साली आपल्या सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या प्रकल्पांना अनुदान जाहीर केलं आणि पुढे त्यावरून मोठं वादळ झालं. नाना आयुष्यभर त्याच धंद्यात राहिले असूनही अनुदानाच्या विरोधात होते. "करायची त्याने आपल्या पैशाने करावी," एवढंच म्हणत. मला ते आजही पटतं.

त्या सकाळी टेबलावर चार ट्यूलिपच्या आकाराचे पेले होते, प्रत्येकावर झाकण म्हणून प्रयोगशाळेतली वॉच ग्लास, बाजूला साध्या पाण्याचा तांब्या आणि जमिनीवर माईंच्या माहेरचं पितळी तस्त. गिळायचं नाही, हा नियम परवान्यानंतरही तसाच होता. प्रत्येक पेल्यात पाणी घालून व्हिस्की वीस टक्क्यांच्या आसपास आणलेली. धंद्यातले ब्लेंडर असंच करतात. मद्यार्काचा मारा कमी झाला की आतले वास वर येतात. नावं झाकलेली. मी लिहून होईपर्यंत नाना आपलं मत सांगत नसत.

पहिला पेला हलका, गोडसर, आणि त्यात मनुकांचा, लाल द्राक्षाचा वास. नाशिकच्या माणसाला तो चुकणं शक्य नव्हतं. मी लिहिलं, "यात वाईन आहे." ती टीलिंगची सिंगल ग्रेन निघाली, कॅबर्ने सोव्हिन्यॉं वाईनच्या पिंपात मुरवलेली. ग्रेन म्हणजे मुख्यतः मक्यासारख्या धान्याची, उंच स्तंभातून अखंड वाहत गाळलेली. हा स्तंभ ज्याच्या नावाने ओळखला जातो तो एनियस कॉफी आयर्लंडच्या अबकारी खात्यातला मोठा अधिकारी, नोकरी सोडून त्याने 1830 साली त्याचं पेटंट घेतलं. डब्लिनच्या नामांकित भट्टीवाल्यांना ती दारू व्हिस्की वाटेना. 1870 च्या दशकाच्या अखेरीला जेमसन, पॉवर, रो या घराण्यांनी मिळून तिच्याविरुद्ध पुस्तकच काढलं. स्कॉटलंडने मात्र तो स्तंभ उचलला, स्वस्त मिश्र व्हिस्की जगभर पाठवली आणि आयर्लंडला मागे टाकलं. पुढे अमेरिकेतली दारूबंदी आणि ब्रिटनशी व्यापारयुद्ध, यांनी उरलेलं काम केलं. 1970 च्या दशकात अख्ख्या बेटावर दोनच डिस्टिलऱ्या राहिल्या होत्या, कॉर्कजवळची मिडलटन आणि उत्तरेची बुशमिल्स. आज त्या चाळीसच्या वर आहेत. डब्लिनच्या त्या भट्टीवाल्यांचा अभिमान मला समजतो, पण त्या पेल्यात वाईट काहीच नव्हतं. ग्रेनला नाव ठेवणाऱ्यांनी ती एकदा झाकून चाखावी.

दुसऱ्यात मध, हिरवं सफरचंद, पाठीमागे व्हॅनिला. जिभेवर स्वच्छ, कडा नसलेली. ही बुशमिल्सची दहा वर्षांची, निव्वळ मोड आलेल्या सातूची, तीनदा गाळलेली. तीनदा गाळण्याने जड अंश आणखी कमी होतात आणि तो हलकेपणा येतो. हा पेला नानांचा लाडका, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, तरी ते बोलले नाहीत.

तिसऱ्यापाशी मी अडले. सफरचंद होतंच, पण त्याखाली लवंगेचा चिमटा, कच्च्या धान्याचा वास, आणि जिभेवर तेलाचा थर बसल्यासारखा दाटपणा. थुंकल्यावरही चव जाईना. मी पुन्हा पुन्हा वास घेत राहिले. नानांनी न बोलता खिशातून जवाची पुडी काढली आणि चार कच्चे दाणे माझ्या हातावर ठेवले. "चाव." दाणे दाताखाली फुटले, आधी काही नाही, मग पिठूळ, किंचित तुरट, हिरवट चव आली आणि मी पेल्याकडे बघितलं. तेच होतं ते. ही ग्रीन स्पॉट, आयर्लंडची स्वतःची म्हणावी अशी पॉट स्टिल जातीची. मोड आलेलं आणि न आलेलं सातू एकत्र आंबवून तांब्याच्या भट्टीत गाळलेली. मोड न आलेलं सातू भट्टीवाल्यांनी घातलं त्याचं कारण मुख्यतः कर. मोड आलेल्या सातूवर सरकारने कर बसवला, 1785 साली तो आणखी आवळला, आणि भट्टीवाल्यांनी कर नसलेलं कच्चं सातू मिसळायला सुरुवात केली. कर चुकवताना एका देशाची चव जन्माला आली. पुढे करांची तऱ्हा बदलली, चव लोकांनी सोडली नाही. 2014 च्या नियमांत दोन्ही सातू निदान तीस तीस टक्के आणि ओट, राय यांसारखी बाकीची धान्यं जास्तीत जास्त पाच टक्के अशी बेडी घातली आहे. जुन्या भट्ट्यांत ही धान्यं याहून जास्त असत. एका मोठ्या डिस्टिलरीची सवय सगळ्या देशाचा नियम झाला, असं माझं स्पष्ट मत आहे आणि तो नियम बदलला पाहिजे.

ग्रीन स्पॉट हे नाव मिचेल नावाच्या डब्लिनच्या व्यापारी घराण्याने दिलेलं. पिंपं किती वर्षं मुरवायची हे कळावं म्हणून ते त्यावर रंगाचा ठिपका लावत. गाळप मिडलटनचं. याच मिडलटनची माणसं रेडब्रेस्टही करतात. तिची बारा वर्षांची मी नंतर चाखली. ओलोरोसो शेरीच्या पिंपामुळे तिच्यात खारीक आणि अक्रोड इतके उघड आहेत की नानांच्या पुड्या कुणी आत टाकल्यात की काय असं वाटावं.

चौथा पेला जेमसनचा. पॉट स्टिल आणि ग्रेन यांचं मिश्रण, आणि जगात सर्वांत जास्त खपणारी आयरिश व्हिस्की. मी त्याला कमी लेखून दोनच ओळी लिहिल्या. नानांनी वही बघितली आणि माझ्याशी ते पहिल्यांदाच जरा कडक बोलले. "एक पिंप चांगलं निघणं हे पिंपाचं नशीब. हजारो पिंपांतून दरवर्षी तीच चव काढणं हे माणसाचं काम आहे. तू ज्या खुर्चीवर बसतेस तिथे हेच करायचंय." मी परत वास घेतला, आणि त्या साध्या पेल्यात कच्च्या सातूची ती तिखट रेघ बारीक होऊन कशी बसवली आहे ते दिसलं.

आयर्लंडची व्हिस्की म्हणजे तीनदा गाळलेली आणि धुराविना, असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. पुढच्या खेपेला भाच्याने कनेमारा आणली. दोनदाच गाळलेली, आणि सातू पीटच्या म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या धुरावर सुकवलेलं. झाकण काढताच माई देवघरातून म्हणाल्या, "होम पेटवलात का?" त्या दिवशी त्यांनी उदबत्ती लवकर लावली, काही बिघडलं नाही.

1966 साली जेमसन, पॉवर आणि कॉर्कचे भट्टीवाले एकत्र आले, 1975 पासून मिडलटनची नवी डिस्टिलरी चालू झाली, आणि 1988 मध्ये ती कंपनी फ्रान्सच्या पेर्नो रिकारकडे गेली. त्याच पेर्नो रिकारची एक डिस्टिलरी आपल्या दिंडोरीत आहे आणि 2022 साली तिथून लॉंजिट्यूड 77 ही भारतीय सिंगल मॉल्ट बाजारात आली. नाना तोवर राहिले नव्हते. त्यांना या गोष्टीचा आनंद झाला असता. आयर्लंडच्या थंड गोदामात वर्षाला पिंपातलं सुमारे दोन टक्के उडून जातं, आपल्या हवेत त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे इथे मुरणं लवकर होतं आणि गफलतही लवकर होते. नाशिकच्या एप्रिलमध्ये पिंपं कधी उघडावीत यावर ते तासभर बोलले असते.

नाना गेले तेव्हा मी कामावर होते. दहाव्याला घाटावर मी गेले, बाबाही आले. काकांच्या दिवसांनंतर बाबा पहिल्यांदाच तिथे पाण्याजवळ उभे राहिले. नंतर माईंनी मला बोलावून नानांच्या वह्या, वासाच्या बाटल्यांची लाकडी पेटी आणि ते तस्त दिलं. मी तस्त घ्यायला नको म्हणत होते, माहेरचं होतं. माई म्हणाल्या, "तुझ्या कामाचं आहे. माझ्याकडे कोण थुंकायला येणार?" त्या अजून दिंडोरी नाक्याजवळच राहतात. प्रयोगशाळेत नव्या येणाऱ्या मुलींना मी पुड्यांपासूनच सुरुवात करून देते, आणि त्यांच्यातल्या ज्यांचं वय बसत नाही त्यांच्या पेल्यात परवाना येईपर्यंत फक्त वास.

नानांच्या वहीत त्या सकाळचं पान आहे. माझ्या क्रमवारीशेजारी त्यांनी आपली क्रमवारी लिहिली आहे, ती मला त्यांनी कधी दाखवली नव्हती. पहिला क्रमांक बुशमिल्सचा. मी त्यानंतर दोन्ही कित्येकदा, झाकून आणि उघडून, शेजारी शेजारी ठेवून चाखल्या. नानांना पूर्ण मान देऊन सांगते, पहिली ग्रीन स्पॉटच.